एका बाजाराच्या दोन वाटा

श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी हे गाव ज्याने शनिवारी पाहिले नाही, त्याने ते पाहिले असे म्हणता येणार नाही. दौंड सोडून भीमेचा पूल ओलांडला आणि नगरची वाट धरली की थोड्याच वेळात हातात दावी धरलेली माणसे, टेंपोच्या फाळक्यावरून डोकावणारी शिंगे आणि रस्ता अडवून चालणारे शेळ्यांचे कळप लागतात. त्यांच्या मागोमाग गेले म्हणजे आपण जनावरांच्या बाजारात येऊन ठेपतो, आणि तिथे बोलणे थोडे व पारख फार अशी रीत असल्याचे ध्यानात येते. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, जबडा उघडून जनावर आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेले आहे हे क्षणात सांगतो. कासेखालून हात फिरवून चारही सड चालू असल्याची खातरजमा करतो. दोन पावले चालवून खूर पाहतो. आणि मग उपरण्याआड दोन हात एकमेकांत गुंतून बोटांच्या खुणांनी असा भाव ठरतो की शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या इसमाला त्याचा सुगावाही लागू नये. समोरचे जनावर गाय आहे की बैल, हे तर दुरूनच दिसते. त्यावर तिथे कोणी वेळ दवडीत नाही. घासाघीस होते ती या गाईची, या बैलाची.

या बाजारातून आमच्या एका चुलत्यांनी, ज्यांना सारी आळी अण्णा म्हणे, एकदा एक कालवड घेतली. अंगाने भरलेली, कातडी तुकतुकीत, खांदा रुंद, आणि किंमत मात्र अंगकाठीच्या मानाने कमी. अण्णा खूश. परंतु दोन वर्षे लोटली तरी ती माजावर येईना. रेतन करून पाहिले तरी गाभण राहीना. शेवटी तालुक्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि हात धुता धुता एवढेच विचारले, "अण्णा, हिच्याबरोबर गोऱ्हा झाला होता का हो?" अण्णांना ते कुठून ठाऊक असणार! ज्याने विकली त्याला ते पक्के ठाऊक असावे, हे किंमतीवरून उमगायला हवे होते. डॉक्टर म्हणाले, "मग ही नावाची कालवड. हिच्यापुढे वैरण टाकायची ती हौस म्हणून."

गोऱ्ह्याबरोबर जुळ्यात जन्मलेली कालवड दहातल्या नऊ वेळा वांझ निघते, ही गोष्ट गोपालांना फार पूर्वीपासून माहीत होती. लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने 1779 साली अशा जनावरांवर निबंधही वाचला होता. तथापि तिचे कारण शोधण्याचे श्रेय शिकागोच्या फ्रँक लिली यांचे. 1916 साली त्यांनी असे प्रतिपादन केले की गर्भाशयात या जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडल्या जातात, नर गर्भाच्या रक्तातली द्रव्ये त्या वाटेने मादी गर्भात शिरतात आणि तिच्या अंगातली स्त्रीत्वाची घडण अर्ध्यावरच अडवितात. अण्णांच्या कालवडीची स्वतःची गुणसूत्रे मादीची होती. तिच्या जनुकांच्या सनदेत कसलीही खोट नव्हती. खोट होती ती, त्या सनदेची अंमलबजावणी ज्या वेळी व ज्या हुकमाने व्हावयाची त्या वेळी भलताच हुकूम येऊन पोहोचला, यात. प्रस्तुत लेखाचा विषय स्त्री-पुरुषांच्या मेंदूतील जनुकांच्या आविष्काराचा भेद व त्याचा अवधानाशी असलेला संबंध हा असताना मी गोठ्यातून आरंभ केला याचे वाचकांना नवल वाटेल. पण सनद आणि अंमल यांतला हा फरक ज्याच्या मनात ठसला नाही त्याने या विषयाला हात न घातलेलाच बरा, असे माझे मत आहे. आजवर या विषयात जेवढा घोटाळा झाला तेवढा बहुतेक सगळा याच एका ठिकाणी झाला आहे.

त्या घोटाळ्याचा इतिहास मोठा करमणुकीचा आहे, जरी त्याचे परिणाम करमणुकीचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ मेंदू तराजूत घालून तोलीत होते. पॅरिसचे ब्रोका यांनी पुरुषांचे मेंदू सरासरीने जड भरतात असे दाखविले, आणि त्यावरून बुद्धीचा निवाडा करण्याची घाई पुष्कळांनी केली. शरीराचे आकारमान वाढले की मेंदूचे वाढते, आणि हाच न्याय लावायचा तर हत्तीची आणि देवमाशाची शहाणपणात बरोबरी कोणालाच करता येणार नाही, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना सुचले. 1873 साली अमेरिकेत एडवर्ड क्लार्क या वैद्यकाच्या प्राध्यापकाने तर असा ग्रंथच लिहिला की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केल्यास त्यांच्या जननेंद्रियांच्या वाटची शक्ती मेंदूकडे वळते आणि प्रकृती ढासळते. हे वारे आपल्याकडेही आले. 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाले. आणि तिथला अभ्यासक्रम मुलींच्या प्रकृतीला व भावी आयुष्याला मानवणारा नाही, अशी टीका टिळकांच्या वृत्तपत्रांनी केली. एवढ्या तल्लख बुद्धीच्या माणसाचीही या एका प्रश्नावर अशी गफलत व्हावी, याचे मला अद्याप वाईट वाटते.

त्याच्या दोनच वर्षे आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झाले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे निमित्त होऊन साऱ्या स्त्रीजातीवर दोषांचा जो भडिमार चालला होता, त्याला ते उत्तर होते. ताराबाईंना जनुक हा शब्द ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु त्यांनी योजलेली पद्धत आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत खपण्यासारखी आहे. जो दुर्गुण स्त्रीचा स्वभावधर्म म्हणून सांगितला जातो तो उचलायचा, पुरुषांच्या गोटात जाऊन तो तिथे आढळतो की नाही ते पाहायचे, आणि आढळला, तर तो स्वभावधर्म कसला असा सवाल टाकायचा. ज्या गटाविषयी दावा आहे तेवढाच गट पाहून भागत नाही, दुसराही तितक्याच बारकाईने पाहावा लागतो, हा साधा नियम आहे. आणि तो युरोपातले तोलणारे विसरले होते तेव्हा बुलढाण्यातली एक मराठी बाई पाळीत होती.

आता जनुकांच्या आविष्काराकडे वळू. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी काम केले आहे त्यांना रुमाल या शब्दाचा तिथला अर्थ सांगायला नको. हजारो रुमालांत कागद बांधलेले असतात. ते सगळे तिथे असतातच, पण आज कोणता रुमाल सोडला गेला यावर त्या दिवसाचे काम ठरते. पेशीचेही असेच आहे. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे 20000 प्रथिनकारक जनुकांचे एकच दफ्तर असते. यकृताची पेशी त्यातले काही रुमाल सोडते, मेंदूची पेशी काही निराळे सोडते, आणि कोणता कागद किती वेळा नकलून काढायचा याचाही हिशेब जागोजाग वेगळा असतो. या सोडण्या-बांधण्याला आविष्कार म्हणतात. स्त्री व पुरुष यांच्या दफ्तरांत तफावत असलीच तर ती एका जोडीपुरती: स्त्रीजवळ एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषाजवळ एक एक्स आणि एक आखूड वाय. एक्सवर 800हून अधिक प्रथिनकारक जनुके आहेत, वायवर शंभराहूनही कमी. त्या वायवरचा एक जनुक, जो 1990 साली लंडनच्या शास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि ज्याला एसआरवाय म्हणतात, तो गर्भात वृषण घडविण्याचा हुकूम सोडतो. वृषणातून पुरुषी संप्रेरके पाझरू लागतात. आणि ती मेंदूपर्यंत पोहोचून तिथल्या पेशींना कोणते रुमाल सोडायचे हे सुचवितात. 1959 साली कॅन्ससच्या प्रयोगशाळेत गाभण गिनीपिगांना पुरुषी संप्रेरक दिल्यावर त्यांच्या मादी पिल्लांचे पुढचे वर्तन बदललेले आढळले, तेव्हापासून ही दिशा शास्त्रात रूढ झाली. अण्णांच्या कालवडीची कथा आणि ही कथा एकाच सुताच्या आहेत.

पण मला या साऱ्यात अतिशय मोहविणारी हकीकत आहे ती मांजरीची. 1949 साली कॅनडातील मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम हे मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहात होते. हेतू भलताच होता; थकव्याने पेशीत काय फरक पडतो हे त्यांना पाहायचे होते. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की काही मांजरांच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसतो आणि काहींच्यात दिसत नाही, आणि नोंदी ताडून पाहता ठिपकेवाली सारी मांजरे माद्या निघाल्या. नर व मादी यांच्या मज्जापेशींतला भेद माणसाने डोळ्यांनी पाहिला तो त्या दिवशी. तो ठिपका म्हणजे काय, याचा उलगडा 1961 साली इंग्लंडच्या मेरी लायन यांनी केला: मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक गुंडाळून, गाठ मारून फडताळात टाकला जातो, म्हणजे मादीला एक्सवरच्या जनुकांचे उत्पन्न नराच्या दुप्पट होऊ नये. कोणत्या पेशीत कोणता एक्स बांधायचा हे आरंभीच्या अवस्थेत नशिबावर ठरते. आपल्या गल्लीत फिरणारी काळ्या-तांबड्या ठिगळांची मांजर जवळजवळ हमखास मादीच असते, ती याच कारणाने.

या गोष्टीचा मथितार्थ लोक पुष्कळदा निसटू देतात. स्त्रीच्या मज्जापेशीत जो भेद प्रथम दिसला, तो भेद मुळात भेद मिटविण्यासाठी निसर्गाने केलेली तजवीज होती! फरक दिसला म्हणून कर्तृत्वात फरक असलाच पाहिजे, असे अनुमान बांधणाऱ्यांना ही मांजर एकटीच पुरेशी आहे.

आणि ती एकटीही नाही. अमेरिकेच्या माळरानात एक लहानसा उंदीरवर्गीय प्राणी राहतो, प्रेअरी व्होल नावाचा. त्याच्यात नर व मादी जोडीने राहतात आणि दोघेही पिल्ले सांभाळतात. मादीला गर्भारपणाची संप्रेरके या कामाला सिद्ध करतात; नराला गर्भारपण नाही. मग नराच्या मेंदूतल्या एका भागात व्हॅसोप्रेसिन या द्रव्याचे तंतू मादीहून पुष्कळ दाट असतात, आणि त्यांच्या बळावर तो बाप होऊन पिल्लांपाशी बसतो. मेंदू पाहावा तर दोघांत ढळढळीत अंतर. वर्तन पाहावे तर दोघे सारखे. गेर्ट डी व्ह्रिस यांनी यावरून असा विचार मांडला की मेंदूतले कित्येक लिंगभेद हे वर्तन वेगळे करण्यासाठी नसून, शरीरे वेगळी असताना वर्तन सारखे राखण्यासाठी असावेत. काष्टीच्याच भाषेत सांगायचे तर कोणी भीमा ओलांडून दौंडच्या अंगाने बाजाराला येतो, कोणी श्रीगोंद्याच्या अंगाने येतो; शनिवारी सकाळी दोघेही त्याच मैदानात जनावराचे दात मोजीत असतात, आणि त्यांच्या पायांवरची धूळ पाहून त्यांच्या पारखीची इयत्ता ठरवू पाहणारा मनुष्य आम्ही खुळा समजू.

तथापि वाटा दोन आहेत ही गोष्ट तेवढ्याने गौण ठरत नाही, आणि भेदच नाही असे म्हणणाऱ्या सद्‌हेतू मंडळींशी माझे भांडण इथे सुरू होते. भीमेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला तर खोळंबा होतो तो दौंडकरांचा. श्रीगोंद्याची वाट खचली तर श्रीगोंदेकरांचा. चांगल्या दिवसात जो भेद दिसत नाही तो वाईट दिवसात दिसतो. विषादाच्या विकाराने ग्रासलेल्या स्त्री-पुरुषांच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण 2017 साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या सहा भागांत कोणत्या जनुकांचा आविष्कार वाढला व कोणत्यांचा घटला याचे तक्ते तयार केले, तेव्हा बायकांचा तक्ता आणि पुरुषांचा तक्ता यांत सामाईक असे फार थोडे निघाले. दुखणे एकाच नावाचे, लक्षणे पुष्कळशी एकसारखी, आणि पेशीच्या आतली मोडतोड मात्र दोहोंकडे वेगवेगळ्या ठिकाणी.

अवधानाच्या बाबतीत याहून नेमके उदाहरण मेंदूच्या बुडाशी असलेल्या लोकस सिरुलियस नावाच्या लहानशा केंद्राचे आहे. लोकस सिरुलियस म्हणजे निळी जागा. तिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साऱ्या मेंदूत पसरते आणि आपण सावध होतो, समोरच्या गोष्टीवर ध्यान जडते; पण हे द्रव्य फार झाले की तेच ध्यान सैरभैर होते. दमट उकाड्यात पंखा हवासा वाटतो, पण तोच वाऱ्यासारखा सुटला तर टेबलावरचे कागद उडतात, तसे. ताण आला की सीआरएफ नावाचे संप्रेरक या केंद्राला चेतविते. उंदरांवर काम करणाऱ्या डेब्रा बँगॅसर आणि रिटा व्हॅलेंटिनो यांनी 2010 साली दाखविले की ताणानंतर नर उंदराच्या पेशी सीआरएफचे ग्राहक रेणू पृष्ठभागावरून आत ओढून घेतात, जणू दार लावून घेतात, आणि पुढच्या ताणाचा मारा सौम्य करतात. मादीच्या पेशी ते दार तसे लावीत नाहीत, शिवाय त्या ग्राहकाने दिलेला संदेश तिच्या पेशीत अधिक जोराने पोहोचतो. जनुक तेच, प्रथिन तेच, पण त्याचा कारभार निराळा. पुढच्या प्रयोगांत या द्रव्याने टिकून लक्ष देण्याची शक्ती नर-मादी दोहोंतही घसरली; मादीत मात्र ती घसरण ऋतुचक्राच्या अवस्थेप्रमाणे कमीअधिक झाली. म्हणजे मादीचे अवधान मुळात कमी असते असे यातून मुळीच निघत नाही. ताणाखाली ते कोणत्या सांध्यात निखळते, एवढेच निघते. उंदरावरून माणसावर उडी मारण्यापूर्वी दम खावा, हेही खरेच. परंतु दिशा ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माणसातलाही एक पुरावा आहे, आणि तो कातडीच्या एका रोगाच्या निमित्ताने आला. बांधलेल्या एक्सची गाठ सर्वत्र सारखी घट्ट नसते. त्यावरची शेकडा 15च्या आसपास जनुके गाठीतून निसटतात आणि आपले काम चालू ठेवतात, त्यामुळे त्यांचे उत्पन्न स्त्रीत थोडे अधिक असते. स्टिरॉइड सल्फाटेज या विकराचा जनुक त्यांपैकी एक. हा विकर मेंदूतल्या काही संप्रेरकांचे रूप पालटतो. ज्या मुलांच्या एकुलत्या एक्सवरून हा जनुक गळालेला असतो त्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी, काळपट होते. आणि अशा मुलांमध्ये अवधानाचा विकार (एडीएचडी) नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. कार्डिफच्या विल्यम डेव्हिस यांनी ज्या उंदरांत हा जनुक नाही अशांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचेही लक्ष ढळताना दिसले. मुलग्यांत अवधानाचा विकार जास्त का, याचे हे संपूर्ण उत्तर आहे असे कोणीही समजू नये. अशा प्रश्नाला एकच उत्तर असते असे समजणेच मुदलात चूक आहे.

किंबहुना सारे भेद मोठे असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते. 2020 साली 838 व्यक्तींच्या 44 प्रकारच्या ऊतींची मोजदाद करून असे जाहीर झाले की एकूण जनुकांपैकी शेकडा 37 जनुकांचा आविष्कार कोणत्या ना कोणत्या ऊतीत स्त्री-पुरुषांत वेगळा असतो. आकडा वाचून छाती दडपते. परंतु त्याच निबंधात हेही स्वच्छ लिहिले आहे की यातले बहुतेक फरक अगदी बारीक आहेत. पुरुषांचा ढीग आणि स्त्रियांचा ढीग एकमेकांवर रचले तर बराचसा भाग एकावर एक बसावा, इतके बारीक. इस्रायलच्या डॅफ्ना जोएल यांनी 2015 साली 1400हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा पाहून सांगितले की अथपासून इतिपर्यंत पुरुषी किंवा अथपासून इतिपर्यंत बायकी असा मेंदू क्वचितच सापडतो, बहुतेकांचे मेंदू ठिगळांच्या गोधडीसारखे असतात. त्यावर प्रतिपक्षाने उत्तर दिले की ठिगळांची एकंदर मांडणी पाहून तो मेंदू बाईचा की बुवाचा हे यंत्राला पुष्कळदा ओळखता येते. मला दोन्ही विधाने खरी वाटतात, आणि त्यांत विरोध दिसत नाही. चालण्यावरून माणूस कोणत्या जिल्ह्याचा हे एखाद्या जाणत्याला ओळखता आले, म्हणून त्याला किती चालवेल हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र मी कधी समजू शकलो नाही. स्त्री वेगळी आहे हे ज्यांनी व्यवहारात जन्मभर ठासून सांगितले, त्यांनीच विज्ञानात ती वेगळी असल्याचे ऐकून घेतले नाही. शाळेत, कचेरीत, वाटणीत तिचा वेगळेपणा सर्वांच्या ध्यानात राहतो. औषधाची मात्रा ठरविताना तेवढा विसरतो. झोपेची झोल्पिडेम ही गोळी अमेरिकेत 1992 साली मंजूर झाली. ती स्त्रियांच्या शरीरातून सावकाश निघून जाते आणि सकाळीही तिचा अंमल राहतो, म्हणून स्त्रियांसाठी तिची मात्रा निम्मी करावी असा सरकारी आदेश निघायला 2013 साल उजाडले. मज्जाशास्त्रात तर केवळ नरांवर केलेले प्रयोग केवळ माद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या साडेपाच पट होते, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. सबब अशी की मादीचे ऋतुचक्र आकडे बिघडविते. पुढे 2014 साली जुने आकडे एकत्र करून तपासले, तेव्हा मादी उंदरांचे मोजमाप नरांहून जास्त हलत नाही असे निघाले. सबबीत काही दम नव्हता. निम्म्या मानवजातीच्या मेंदूला अपवाद ठरवून उरलेल्या निम्म्याला नियम ठरविण्याची ही रीत ताराबाईंच्या दृष्टीस पडती तर त्यांनी तिचा जो समाचार घेतला असता, तो वाचायला मला आवडले असते.

आणि याच मुलुखात आणखी एक विसंगती उघड्या डोळ्यांनी पाहावी लागते. गोठ्यात कालवड व्हावी म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रेसाठी शेतकरी जादा पैसे मोजतो. बैलाच्या एक्सवाहक शुक्रपेशीत वायवाहकापेक्षा शेकडा चारच्या आसपास अधिक डीएनए असतो, तेवढ्या फरकावर यंत्र त्यांची निवड करते आणि दहातल्या नऊ वेळा कालवड मिळते. लिंग ओळखण्याचे तसेच ज्ञान घरात शिरले तेव्हा काय झाले ते जनगणनेत नमूद आहे. गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 असलेल्या मुली 2011 साली 894 उरल्या. एक्सची किंमत गोठ्यात ज्याला कळते त्याला ती माजघरात का कळू नये, याचा जाब जनुकशास्त्राकडे मागता येणार नाही.

अवधानाकडे परत येऊन थांबतो. या विकाराचे एक जुने वर्णन लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली केले. त्यांच्या पाहण्यातल्या मुलांत मुलगे पुष्कळ जास्त होते. आजही बालरुग्णांत मुलगे मुलींच्या दुपटी-तिपटीने असतात. पण वयस्क रुग्णांत हे अंतर बरेच ओसरते. मुलींची ही संख्या अचानक कुठून आली? विकाराचा धोका वाढविणारे सर्वसामान्य जनुकभेद मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास तेच असतात, असे 2018 सालच्या अभ्यासात दिसले. म्हणजे त्या मुली बालपणीही तिथेच होत्या. आपण त्यांना पाहिले नव्हते. मुलगा वर्गात बाकावर चढतो, शेजाऱ्याची टोपी उडवितो, मास्तरांचे डोके उठवितो, आणि त्याच्या पालकांना बोलावणे जाते. मुलगी हनुवटीखाली हात धरून खिडकीबाहेर बघत बसते. तिच्या वहीत गणित अर्धवट राहते, दप्तरात डबा विसरतो, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत व समजूतदार' असा शेरा पडतो. या भेदात जनुकांच्या आविष्काराचा वाटा किती आणि लहानपणापासून मिळालेल्या 'गप बस' या धाकाचा किती, हे वेगळे करून दाखविणे कठीण. उंदरांत ते करता येते. आर्थर अर्नोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृषण घडविणारा जनुक वायवरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवून असे उंदीर वापरात आणले की ज्यांत गुणसूत्रे एका लिंगाची आणि ग्रंथी दुसऱ्या लिंगाच्या असू शकतात. घरातल्या धाकाची अशी अदलाबदल कोणत्या प्रयोगशाळेत करणार?

अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुले शिकविण्याचे शिक्षण घेऊन गेल्या, त्या जिल्ह्यातल्या शिक्षक-शिक्षिकांना म्हणून माझी एकच विनंती आहे. येत्या सत्रअखेरीस प्रगतिपुस्तके भरताना एखाद्या मुलीच्या नावापुढे 'शांत' हा शब्द लिहिण्याआधी तिला जवळ बोलवा, आत्ताच शिकविलेला धडा तिच्या तोंडून ऐका, आणि पहिल्या चार वाक्यांनंतर तिचे लक्ष कुठे गेले ते विचारा. काष्टीच्या बाजारात हेडी जेवढा वेळ एका कालवडीला देतो, तेवढा वेळ तिला द्या.